एक वीत वायर

निळ्या रंगाखाली अजून लाल दिसतो.
तळोज्याच्या बंद कारखान्याचा आगीचा बंब,
हिरामण कडूने लिलावात घेतला.
शिडी विकली, घंटा घरी नेली,
आता टाकीवर पांढऱ्या अक्षरांत: पिण्याचे पाणी.

क्लच नाही हिला. डावा पाय बसून खातो, हिरामण म्हणतो,
गिअर तीच टाकते, आपण नुसतं बघायचं.
पण तीन आठवडे झाले, दुसऱ्यातून वर जायला तयार नाही.
खारघरच्या चढावर कोकलते,
इडलीची सायकलसुद्धा पुढे निघून जाते
आणि स्पीडोमीटरचा काटा शून्यावर,
जेवून आडवा झाल्यासारखा.

कळंबोलीत तिघांनी आधी बघितली.
एक म्हणाला बॅटरी बदल. बदलली.
दुसरा म्हणाला गिअरबॉक्स उतरवू, ऐंशी हजार धर.
तिसरा म्हणाला, शेठ, विका.
मग स्टील मार्केटमागे, वायरवाल्या बाईकडे.
म्हणजे माझ्याकडे.

गाडीला हात लावायच्या आधी मी माणसाला विचारते.
काटा आधी पडला की गिअर?
हिरामण डोकं खाजवतो.
एकदमच. रोहिंजणच्या पुढे. काटा थरथरला,
चाळीसवरून धाडकन खाली,
आणि गाडीने पाठीत लाथ घातली.
झालं तर.
दोघं एकाच दिवशी आजारी पडले,
म्हणजे दोघांनी एकाच ताटात खाल्लंय.

फ्यूज शाबूत.
ऑइलची पट्टी ओढून नाकाशी धरली: लाल, जळका वास नाही.
गाडीखाली शिरले.
गिअरबॉक्सच्या शेपटाशी, जिथून शाफ्ट मागे जातो,
अंगठ्याएवढा सेन्सर. फिरत्या चाकाचे दात मोजतो, वर कळवतो.
त्याच्या सांगण्यावर काटा हलतो, गिअरही.
तो गप्प बसला की गाडीला वाटतं आपण उभ्याच आहोत.
उभ्या गाडीने वरचा गिअर कशाला टाकावा?

काढला. टोकाच्या चुंबकावर
लोखंडाची मिशी, बारीक, काळी, ताठ:
वर्षानुवर्षं झिजलेलं गिअरबॉक्सचं स्वतःचंच अंग.
पुसला. मला वाटलं, सापडलं.
हिरामणने चहा सांगितला.
जॅकवर चढवून मागची चाकं हवेत फिरवली.
काटा मेलेलाच.
चहा मी गाडीखालीच प्याले, गार.

सेन्सरवर मीटर लावला: तीनशे ओहम. जिवंत.
वायरच्या वरच्या टोकाला: काहीच नाही.
म्हणजे हा बोलतोय, वाटेत कुणीतरी तोंड दाबतंय.

यासीनला डॅशबोर्डखाली मीटर धरून बसवला
आणि मी वायर चेपत, वाकवत
वीतवीत पुढे सरकले.
आला! गेला! आला! तो वरून ओरडतो.
सायलेन्सरच्या वळणावर.
वरून वायर नवीकोरी. चिरली तर आत
तांबं नव्हतंच, हिरवा भुगा.
बरोबर त्यावर टाकीचा एक थेंब पडत होता.
किती दिवस, कुणास ठाऊक.

तेवढी वीत कापली, नवी जोडली, डाग दिला,
थेंबापासून लांब बांधली.
मग मी शेजारी बसले, तळोज्याच्या पुलापर्यंत.
तिसरा पडला तेव्हा इंजिनाचा आवाज खाली बसला,
भांडणात कुणाला तरी अचानक पटावं तसा.
काटा अडतीस. यासीनच्या मोबाइलवर चव्वेचाळीस.
टायर मोठे टाकलेत?
हिरामण खिडकीबाहेर बघतो.
असू दे. खोटं बोलतो, पण रोज तेवढंच.
अंदाजाने थोडे मिळवत जा.

परतताना तो किलोमीटरच्या आकड्यांकडे बघून म्हणाला,
तीन आठवड्यांच्या खेपा यात आल्याच नाहीत.
फेज टूच्या सगळ्या इमारती.
मी म्हटलं, पाणी पोचलं ना?
पोचलं, म्हणाला,
आणि तरी सिग्नल सुटेपर्यंत आकड्यांकडेच बघत राहिला.

पैशांवरून घासाघीस झाली, ती होतेच.
उरलेल्या दोनशेंचं पाणी देतो म्हणाला,
टँकर मागे घेऊन माझ्या पिंपाशी लावला.
पंप अजून आगीचाच आहे हे आम्ही दोघंही विसरलो.
पिंप आडवं, यासीन भिजून चिंब,
गल्लीतल्या सात दुकानांच्या पायऱ्या धुतल्या गेल्या.
पिंपात तळाला दोन तांबे.